विश्लेषण : चष्म्याच्या काचेवरचे मराठी अक्षर उन्हात वाचता येईल का?

मोबाइलनंतरचा पडदा डोळ्यांसमोरच्या काचेत असेल, असे तंत्रज्ञान कंपन्या गेली दहा-बारा वर्षे सांगत आहेत. ‘गुगल ग्लास’ २०१३ मध्ये आला, दोन वर्षांत सर्वसामान्यांसाठी त्याची विक्री थांबली आणि २०२३ मध्ये उद्योगांसाठीची आवृत्तीही बंद झाली. ‘मायक्रोसॉफ्ट’ने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या ‘होलोलेन्स’चे उत्पादन २०२४ मध्ये थांबले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘मेटा’ने ‘रे-बॅन डिस्प्ले’ हा ७९९ डॉलरचा चष्मा अमेरिकेत विक्रीला आणला आणि हा विषय पुन्हा चर्चेत आला. चर्चा बहुतेक वेळा कॅमेरा, खासगीपणा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर होते. त्याआधीचा एक साधा प्रश्न मागे पडतो. या काचेवर उमटलेले अक्षर वाचता येते का? आणि ते अक्षर मराठी असेल तर?

हा पडदा नेमका असतो कसा?

डोक्यावर घालायच्या पडद्यांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात डोळ्यांसमोर अपारदर्शक पडदा असतो आणि बाहेरचे जग कॅमेऱ्यातून त्यावर दाखवले जाते. ‘ॲपल’चा ‘व्हिजन प्रो’ या प्रकारातला. त्यात समोरच्या भिंतीचा प्रत्येक ठिपका संगणकाच्या ताब्यात असतो. दुसऱ्या प्रकारात समोरची काच खरोखर पारदर्शक असते. चष्म्याच्या काडीत किंवा कडेला एक अतिशय छोटा प्रोजेक्टर असतो. त्याचा प्रकाश काचेत शिरतो, आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो आणि डोळ्यासमोर आल्यावर बाहेर पडतो. या काचेला ‘वेव्हगाइड’ म्हणतात. काही चष्म्यांत त्याऐवजी अर्धपारदर्शक आरसा असतो.

कल्पना नवी नाही. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये असाच अर्धपारदर्शक आरशांचा पडदा तयार केला होता. छताला टांगलेल्या यांत्रिक दांड्याला तो जोडलेला असे आणि त्यात फक्त तारेसारख्या रेषांच्या आकृत्या दिसत. लढाऊ विमानांत वैमानिकासमोर जी तिरकी काच असते, ज्यावर वेग आणि उंचीचे आकडे उमटतात, तीही याच कुळातली. ‘तेजस’ विमानासाठीची अशी काच चंदिगडच्या ‘सीएसआयओ’ या केंद्रीय प्रयोगशाळेने विकसित केली. मात्र वैमानिकाला मोजके आकडे आणि रेषा वाचायच्या असतात. नव्या चष्म्यांवर संदेश, नकाशे, भाषांतर आणि दुरुस्तीच्या सूचना वाचायच्या आहेत. तिथे अडचणी सुरू होतात.

काळा रंग का दाखवता येत नाही?

पारदर्शक पडदा समोरच्या दृश्यात प्रकाश फक्त मिसळू शकतो, त्यातला प्रकाश कमी करू शकत नाही. कागदावर शाई प्रकाश शोषून घेते, म्हणून अक्षर काळे दिसते. या काचेवर काळा ठिपका म्हणजे प्रोजेक्टर बंद असलेली जागा. तिथे काळे काही दिसत नाही, मागचे जग दिसते. त्यामुळे पांढऱ्यावर काळे हा छपाईचा शेकडो वर्षांचा शिरस्ता इथे उलटा पडतो. नेहमीचे पांढऱ्या पार्श्वभूमीचे वेबपान जसेच्या तसे काचेवर आणले, तर डोळ्यासमोर दुधाळ प्रकाशाची चौकट उभी राहते आणि अक्षरांच्या जागी समोरच्या रस्त्याचे तुकडे दिसतात.

रंगांचेही तेच. मागे लाल विटांची भिंत असेल, तर तिचा लाल प्रकाश अक्षराच्या रंगात मिसळतो. निळे अक्षर जांभळटते, पिवळे नारिंगी होते. धोक्यासाठी लाल, सुरक्षिततेसाठी हिरवा या संकेतावर इथे पूर्ण विसंबता येत नाही. वृत्तपत्राचा मांडणीकार कागदाचा रंग गृहीत धरून काम करतो. इथे कागद म्हणजे समोरचे जग. वाचणाऱ्याने मान वळवली की कागद बदलतो.

उन्हात किती फरक पडतो?

ढोबळ हिशेब करून पाहता येईल. पडद्याची किंवा भिंतीची तेजस्विता ‘निट’ या एककात मोजतात. चांगला उजेड असलेल्या कार्यालयात साधारण ५०० लक्स प्रकाश असतो. तिथली पांढरी भिंत सुमारे १२५ निट तेजाची दिसते. भर दुपारच्या उन्हात प्रकाश एक लाख लक्सच्या घरात जातो आणि तशीच पांढरी भिंत सुमारे २५ हजार निट तेजाने झळकते. म्हणजे भिंत तीच, तेज दोनशे पट.

आता समजा, चष्म्याची काच बाहेरचा ८० टक्के प्रकाश आत येऊ देते आणि अक्षराचे तेज एक हजार निट आहे. कार्यालयात भिंतीचे तेज काचेतून १०० निट उरते. अक्षराच्या जागी भिंतीचे १०० आणि अक्षराचे एक हजार मिळून ११०० निट दिसतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचे प्रमाण ११ : १. अक्षर स्वच्छ वाचता येते. उन्हात भिंतीचे २० हजार निट आत येतात. अक्षर धरून ते २१ हजार होतात. प्रमाण १.०५ : १. म्हणजे अक्षर जवळपास नाहीसे झाले.

‘मेटा’ने आपल्या नव्या चष्म्याचे कमाल तेज पाच हजार निट असल्याचे जाहीर केले आहे. वर घेतलेल्या काचेवर तेवढे तेज टाकले, तरी उन्हातल्या पांढऱ्या भिंतीसमोर प्रमाण १.२५ : १ इतकेच येते. म्हणून अशा चष्म्यांना उन्हात आपोआप गडद होणारी भिंग जोडावी लागतात. काच फक्त २० टक्के प्रकाश आत सोडत असेल, तर भिंतीचे पाच हजार निट उरतात आणि प्रमाण २ : १ होते. त्याच उन्हात नजर डांबरी रस्त्याकडे असेल, तर परिस्थिती बरीच सुधारते, कारण डांबर जेमतेम दहा टक्के प्रकाश परत फेकते.

वेबपानांच्या सुलभतेसाठी जगभर मानल्या जाणाऱ्या निकषांत नेहमीच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ हे प्रमाण सांगितले आहे. दोन्ही मोजण्यांची सूत्रे तंतोतंत एक नाहीत, पण कल्पना यावी म्हणून तुलना पुरेशी आहे. वातानुकूलित दालनातल्या प्रात्यक्षिकात झकास दिसणारा चष्मा मे महिन्यात नागपूरच्या चौकात तसा का दिसणार नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

रात्री अडचण उलट होते. अंधाराला सरावलेल्या डोळ्यासमोर हजार निटचे अक्षर आले, तर मागचा रस्ताच दिसेनासा होतो. म्हणून तेज वाढवण्याइतकेच ते पुरेसे खाली आणता येणेही महत्त्वाचे आहे.

अक्षर किती मोठे हवे?

मोबाइलवर आपण अक्षराचा आकार पॉइंटमध्ये सांगतो. काचेवर तो कोनात मोजावा लागतो, कारण अक्षर किती लांब ‘ठेवले’ आहे त्यावर त्याचा आकार ठरतो. हात पूर्ण लांब करून करंगळीचे नख पाहिले, तर ते साधारण एक अंशाचे दिसते. पौर्णिमेचा चंद्र सुमारे अर्ध्या अंशाचा. ‘होलोलेन्स’साठी मजकूर लिहिणाऱ्यांना ‘मायक्रोसॉफ्ट’ने दिलेल्या सूचनांनुसार दोन मीटर अंतरावरच्या अक्षराची उंची किमान ०.३५ ते ०.४ अंश, म्हणजे १२ ते १४ मिलिमीटर हवी. न ताणता वाचायचे तर ०.६ ते ०.७५ अंश, म्हणजे २१ ते २६ मिलिमीटर. बारीक रेघांचे फॉन्ट टाळा, असेही त्यात सांगितले आहे.

निरोगी डोळा एका अंशात साधारण ६० ठिपके वेगळे ओळखू शकतो. ‘मेटा’च्या चष्म्यात एका अंशात ४२ ठिपके आहेत आणि पूर्ण चित्र ६०० बाय ६०० ठिपक्यांचे आहे. म्हणजे प्रत्येक बाजू सुमारे १४ अंशांची. एका ओळीला एक अंश उंची दिली, तर जेमतेम १४ ओळी बसतात. तेवढ्या भरल्या, तर समोरच्या दृश्याचा बराच भाग झाकला जातो. म्हणून दोन-तीन ओळींच्या पुढे जायचे नाही, असाच या पडद्यांवरचा व्यवहार आहे. लांब लेख वाचण्याची ही जागा नाही.

देवनागरीचा प्रश्न वेगळा का?

वरचे बहुतेक संकेत रोमन लिपी समोर ठेवून ठरलेले आहेत. देवनागरीची ओळ तीन मजली असते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. मध्ये मूळ अक्षर. खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. अर्ध्या अंशाच्या ओळीला ४२ च्या हिशेबाने २१ ठिपक्यांची उंची मिळते. त्यातली वरची-खालची जागा सोडली, तर मूळ अक्षराला उरतात ११-१२ ठिपके. ‘महाराष्ट्र’ या शब्दातला ‘ष्ट्र’ तेवढ्यात बसवून पाहिला की अडचण कळते.

त्यात भर पडते प्रकाशाच्या फाकण्याची. काळ्या पार्श्वभूमीवरची तेजस्वी रेघ काचेतून येताना कडेने थोडी पसरते. रोमन ‘ओ’च्या पोटात तेवढी जागा असते. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’, ‘ष’ आणि ‘प’ यांतला फरक एका छोट्या रेघेचा किंवा फटीचा आहे. ती फट प्रकाशाने भरली की अक्षर बदलते. अनुस्वार शिरोरेषेला चिकटला की शब्द बदलतो. कारखान्यात दुरुस्ती करणाऱ्याच्या चष्म्यावर ‘गंज तपासा’ अशी सूचना आली आणि त्याने ती ‘गज तपासा’ अशी वाचली, तर तो भलतीच गोष्ट तपासेल. शेतीच्या सल्ल्यात ‘धडा’ आणि ‘घडा’ यांची गल्लत हसण्यावारी नेता येईल, औषधाच्या मात्रेतल्या दशांश चिन्हाची नेता येणार नाही.

रोमन लिपीसाठीचे उपायही इथे उलटतात. अक्षरे ठळक करा, हा पहिला सल्ला. देवनागरी फार ठळक केली तर अक्षरांची पोटे बुजतात. अक्षरांमधले अंतर वाढवा, हा दुसरा. तसे केले तर शिरोरेषा तुटते आणि शब्द एकसंध दिसत नाही. महत्त्वाचे शब्द मोठ्या लिपीत लिहा, हा तिसरा. आपल्याकडे मोठी-लहान लिपीच नाही. ओळींमधले अंतर रोमनच्या मापाने ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. स्वस्त मोबाइल, बसमधल्या पाट्या आणि तिकिटांवर हे आपण पाहिलेलेच आहे.

सर्वात धोक्याची बाब मात्र वाक्यरचनेत आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘लाल बटण कोणत्याही परिस्थितीत दाबू नका’ हे वाक्य चौकटीत मावले नाही आणि यंत्रणेने ते नेहमीच्या सवयीने तीन टिंबे देऊन तोडले, तर काचेवर उरेल ‘लाल बटण कोणत्याही परिस्थितीत दाबू...’. इंग्रजीत नकार आधी येत असल्याने अशा वेळी इशारा निदान शिल्लक राहतो. मराठीत नेमका तोच गळतो. मोबाइलवर बोट लावून उरलेले वाक्य उघडता येते. दोन्ही हात कामात असलेल्या माणसाच्या चष्म्यावर ती सोय असेलच असे नाही.

डोळे का थकतात?

जवळची वस्तू पाहताना दोन गोष्टी एकदम घडतात. दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि डोळ्यातले भिंग त्या अंतरावर केंद्रित होते. बहुतेक चष्म्यांत चित्राचे केंद्रीय अंतर ठरलेले असते. ‘होलोलेन्स’मध्ये ते दोन मीटर होते. अक्षर हाताच्या अंतरावर दाखवले, तर डोळे जवळ वळतात, पण भिंग दोन मीटरवरच केंद्रित राहते. या ओढाताणीने थकवा येतो आणि कामगिरी घसरते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २००८ मध्ये प्रयोगाने दाखवले होते. म्हणून मजकूर सव्वा ते पाच मीटरच्या टप्प्यात, शक्यतो दोन मीटरच्या आसपास ठेवा, असा ‘मायक्रोसॉफ्ट’चा सल्ला होता.

‘गुगल ग्लास’ आणि ‘मेटा’चा नवा चष्मा यांत पडदा फक्त उजव्या डोळ्यासमोर आहे. त्यामुळे ही ओढाताण टळते, वजन आणि किंमतही कमी होते. पण एका डोळ्याला अक्षर आणि दुसऱ्याला नुसते जग, अशी स्पर्धा सुरू होते. चाळिशी लागलेल्यांचा, डाव्या-उजव्या डोळ्याचा नंबर वेगळा असलेल्यांचा आणि एकाच डोळ्याने दिसणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच राहतो.

मान हलली की अक्षर का हलते?

मजकूर दोन ठिकाणी ‘बांधता’ येतो. तो काचेला बांधला, तर मान कुठेही वळवा, अक्षरे समोरच राहतात. थोड्या शब्दांसाठी हे ठीक, पण समोरचे दृश्य त्यामागे सतत सरकत राहते. दुसरी पद्धत म्हणजे मजकूर जगातल्या एखाद्या वस्तूला बांधणे. पंपाच्या झडपेशेजारी तिचे नाव तरंगत राहावे, अशी. त्यासाठी डोक्याची हालचाल ओळखून चित्र पुन्हा काढावे लागते. या कामाला एक सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे २० मिलिसेकंद लागले आणि मान सेकंदाला ५० अंशांच्या वेगाने वळत असली, तर अक्षर आपल्या जागेपासून एक अंश घसरते. आधीच्या हिशेबाने ही पूर्ण एक ओळ झाली. दोन झडपा जवळजवळ असतील, तर एकीचे नाव दुसरीवर जाऊन बसते. कॅमेऱ्यातून जग दाखवणाऱ्या यंत्रात जगाचे चित्रही तेवढेच उशिरा येत असल्याने ही तफावत झाकता येते. पारदर्शक काचेत खरे जग थांबत नाही. त्यामुळे डोके पुढच्या क्षणी कुठे असेल, याचा अंदाज घेऊन चित्र काढण्याची कसरत करावी लागते.

उपाय कोणते सापडले आहेत?

पहिला उपाय रंगाचा. उजेडात माणसाचा डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. तेवढ्याच विजेत हिरवे अक्षर सर्वात उजळ भासते. विमानांतल्या काचा वर्षानुवर्षे हिरव्या का होत्या आणि आजचे काही हलके चष्मे फक्त हिरव्या रंगात का दाखवतात, याचे हे एक मोठे कारण. मात्र पावसाळ्यातल्या कोकणात, हिरव्यागार पार्श्वभूमीवर, हिरवे अक्षर किती उठेल याचा विचार करावा लागतो.

दुसरा उपाय अक्षरामागे पट्टी देण्याचा. काळी पट्टी दाखवता येत नसली, तरी मंद निळसर किंवा करडी पट्टी मागच्या झाडाफांद्यांचा गुंता थोडा झाकते. अमेरिकेतील जोसेफ गॅबार्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाहेरच्या उजेडातील प्रयोगात अक्षराची शैली, मागचा पोत आणि नैसर्गिक प्रकाश या तिन्हींचा वाचनावर लक्षणीय परिणाम होत असल्याचे आढळले होते. म्हणजे एकच शैली सगळीकडे चालत नाही. यंत्राने पार्श्वभूमी पाहून ती बदलली पाहिजे.

तिसरा उपाय बाहेरचा प्रकाश अडवण्याचा. २०२२ मध्ये आलेल्या ‘मॅजिक लीप २’मध्ये काच गरजेनुसार गडद करण्याची सोय होती. चित्र जिथे आहे, तेवढाच भागही ती गडद करू शके. पण डोळ्याला अगदी चिकटून असलेला गडद डाग धूसरच दिसतो, त्याची कड रेखीव येत नाही. चौथा उपाय सर्वात स्वस्त आणि म्हणूनच दुर्लक्षित : शब्द कमी करणे. ‘डीएचएल’ने २०१४ मध्ये नेदरलँड्समधील गोदामात केलेल्या चाचणीत कामगारांच्या चष्म्यावर कोणत्या कप्प्यातून किती नग घ्यायचे, इतकेच दाखवले होते. काम २५ टक्के कार्यक्षमतेने वाढल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले. तिथे यश तंत्रज्ञानाइतकेच मजकुराच्या काटकसरीचे होते.

लष्कराचा अनुभव काय सांगतो?

पैसा आणि अभियंते यांची कमतरता नसतानाही हे काम किती अवघड आहे, याचा दाखला अमेरिकी लष्कराने दिला. सैनिकांसाठी ‘होलोलेन्स’वर आधारित यंत्र बनवण्याचे कंत्राट २०२१ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’ला मिळाले. दहा वर्षांत त्याचे मूल्य सुमारे २,२०० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकत होते. २०२२ च्या चाचण्यांत सैनिकांनी डोकेदुखी, डोळ्यांवरचा ताण आणि मळमळ यांच्या तक्रारी केल्या. रात्री पडद्याचा उजेड शेकडो मीटरवरून दिसतो, ही त्याहून गंभीर तक्रार होती. वाचण्यासाठी वाढवलेले तेज शत्रूलाही दिसत होते. यंत्रात बदल करावे लागले आणि २०२५ मध्ये हे काम ‘अँडुरिल’ या कंपनीकडे गेले.

वाचता आले म्हणजे सुरक्षित झाले का?

नाही. ‘नासा’ने १९८० च्या सुमारास वैमानिकांवर कृत्रिम उड्डाणाचे प्रयोग केले. काचेवरचे आकडे वाचत उतरणाऱ्या काही वैमानिकांना धावपट्टीवर आडवे आलेले दुसरे विमान दिसलेच नाही. काच पारदर्शक होती, नजर समोर होती, लक्ष मात्र आकड्यांवर होते. डोळ्यासमोर असणे आणि दिसणे यांत फरक आहे. अक्षर जितके वाचनीय, तितके ते लक्ष ओढणार.

आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर, वाहन चालवताना ‘हातात धरलेल्या’ संपर्क उपकरणाचा वापर धोकादायक वाहन चालवण्यात मोडतो. नाकावर बसलेला पडदा हातात धरलेला नसतो. दुचाकीवर हेल्मेटच्या आत असा चष्मा घालून संदेश वाचणाऱ्याला रोखायचे तर या शब्दांचा अर्थ ताणावा लागेल. यंत्र बाजारात स्थिरावण्याआधी ही फट बुजवणे सोपे आहे. नंतर ते अपघातांच्या आकड्यांच्या दबावाखाली करावे लागेल.

तरीही याची गरज कोणाला आहे?

नुसती चैन म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. ‘गुगल’ने २०२२ मध्ये समोरच्याचे बोलणे काचेवर अक्षरांत दाखवणाऱ्या चष्म्याचा नमुना दाखवला होता. ऐकू न येणाऱ्या व्यक्तीसाठी ही मोठी सोय ठरू शकते. बँकेच्या खिडकीवर, न्यायालयात, दवाखान्यात समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत बोलणे वाचता येईल. पण ही अक्षरे फक्त इंग्रजीत नीट उमटत असतील, तर सातारा किंवा नांदेडमधल्या कर्णबधिर मुलीला त्याचा उपयोग काय? रुग्णालयातील डॉक्टर ‘ही गोळी उपाशीपोटी घेऊ नका’ म्हणाला आणि शेवटचा शब्द चौकटीबाहेर गेला, तर सोयीचे संकट व्हायला वेळ लागणार नाही.

नियमांच्या बाबतीत पाया तयार आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. माहिती-तंत्रज्ञान उत्पादनांच्या सुलभतेसाठी ‘आयएस १७८०२’ हे भारतीय मानक आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. जागतिक वेब संघटनेने २०२१ मध्ये आभासी आणि मिश्र वास्तवाच्या सुलभतेसाठी वापरकर्त्यांच्या गरजा नोंदवणारे टिपण काढले. मात्र अक्षर आणि पार्श्वभूमी यांचे प्रमाण सांगणारे सध्याचे निकष पार्श्वभूमी आपल्या हातात आहे, असे धरून चालतात. पारदर्शक काचेसाठी ते पुरे पडत नाहीत.

मग करायला काय हवे?

अक्षरांचे काम महाराष्ट्राला नवे नाही. ‘विंडोज’मधला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. भारतीय भाषा संगणकावर आणण्यात पुण्याच्या ‘सी-डॅक’चा मोठा वाटा आहे. ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे खुले फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ने दिले. प्रत्येक वेळी यंत्र आधी आले आणि आपल्या अक्षरांची सोय वर्षांनी झाली. या वेळी तो क्रम बदलण्याची संधी आहे, कारण यंत्र अजून घडत आहे.

त्यासाठी तीन गोष्टी लगेच करता येतील. एक, प्रकाशाने फाकणाऱ्या काचेसाठी देवनागरीचा वेगळा फॉन्ट हवा. त्यात अक्षरांची पोटे मोकळी असावीत, अनुस्वार शिरोरेषेपासून सुटा आणि मोठा असावा आणि अवघड जोडाक्षरे उभी रचण्याऐवजी आडवी मोडता यावीत. दोन, सूचना लिहिण्याची मराठी पद्धत ठरवायला हवी. इशारा आधी आणि कृती नंतर, जसे ‘मनाई : लाल बटण’. जागा कमी पडली, तर वाक्य तोडण्याऐवजी पुढच्या पानावर जावे. तीन, सरकारी रुग्णालये, एसटीच्या कार्यशाळा, वीज कंपन्या किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्था असे चष्मे घेणार असतील, तर निविदेतच चाचणीची अट असावी. चाचणी दुपारच्या उन्हात, मराठी मजकुरावर आणि ते यंत्र रोज वापरणाऱ्या माणसांकडून व्हावी. सभागृहातल्या इंग्रजी प्रात्यक्षिकावर खरेदी होऊ नये.

विक्रेते तेज, ठिपके आणि दृश्यकोन यांचे आकडे सांगतात. ग्राहकाने आणि सरकारने विचारायचा प्रश्न साधा आहे. बारा वाजता, पांढऱ्या भिंतीसमोर, ‘करू नका’मधला ‘नका’ दिसतो का? त्याचे उत्तर ‘हो’ असे मिळेपर्यंत या काचेवर कोणाची सुरक्षितता अवलंबून ठेवू नये.